ताटलीतले दोन नग

दुर्गाबाईंनी कानस खिडकीच्या उजेडात धरली आणि चष्मा वर करून तिचे दात बघितले. स्वच्छ होते. शनिवारी दिली होती तशीच कानस परत आली होती. त्यांनी दातांवरून बोट फिरवलं, तर बोटाला काही लागलं नाही.

मग त्यांनी ड्रिलचं बिट उचललं. त्याच्या पिळात पत्र्याचा चकचकीत कीस अडकला होता.

"भोक पाडलंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण घासलं नाय."

सकाळचे पावणेसात झाले होते. पाऊण तासापूर्वी त्यांची मुलगी प्राची, जावई हितेंद्र, सहा वर्षांची नात रुचा आणि विहीणबाई सुंदराबाई असे चौघे गाडीने गावी निघाले होते. गाव कणकवलीच्या पुढे. वरळीहून निघून ते मुद्दाम लालबागला वळले, कारण हितेंद्रला हत्यारांचा डबा परत करायचा होता आणि दुर्गाबाईंना चिवडा द्यायचा होता. हितेंद्र दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला, डबा दारात ठेवला, वाकून नमस्कार केला आणि "थँक्यू आई, एक नंबर आवाज येतोय" म्हणून तसाच उतरला. खाली गाणं लागलं होतं. गॅलरीत उभं राहिलेल्या दुर्गाबाईंना तो आवाज तळपायाला जाणवत होता. रुचाने मागच्या काचेतून हात हलवला आणि गाडी गेली.

डबा दुर्गाबाईंच्या यजमानांचा, रमाकांतांचा. ऑपेरा हाऊसजवळच्या एका दुकानात त्यांनी एकतीस वर्षं गाड्यांमध्ये टेप, रेडिओ आणि स्पीकर बसवले. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण त्यांची शिस्त या दहा बाय बाराच्या खोलीत अजून मुक्कामाला होती. डबा कामावरून आला की प्रत्येक हत्यार खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसायचं आणि मगच आपल्या जागी ठेवायचं. चहा घेऊन दुर्गाबाई तेच करायला बसल्या होत्या.

पुसता पुसता त्या हत्यारं वाचायला लागल्या. वायर सोलायच्या स्ट्रिपरच्या जबड्यात तांब्याचा एक केससुद्धा नव्हता, म्हणजे वायर ब्लेडने नाहीतर दातांनी सोललेली. वायरच्या टोकाला तांब्याची टोपी बसवतात, तिला थिंबल म्हणतात. ती दाबायच्या पक्कडीला त्यांनी स्वतः रबरबँड गुंडाळून दिला होता, तो सुटलासुद्धा नव्हता. म्हणजे जोड दाबलेच नाहीत, नुसते पिळले. काळ्या टेपचं नवं कोरं रीळ मात्र संपून नुसतं पुठ्ठ्याचं कडं उरलं होतं. वीज तपासायच्या मीटरच्या दोन्ही वायरी रमाकांतांनी शिकवलेल्या घडीतच होत्या.

"बघितलंच नाय काय लावून," दुर्गाबाई म्हणाल्या.

त्यांनी डब्याचा वरचा कप्पा उचलला. खाली स्टीलची लहान ताटली होती, आणि ताटलीत दोन नग. एक काळी रबरी रिंग आणि एक फ्यूजची डबी. डबीवरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं.

ताटली ही रमाकांतांची दुसरी शिस्त. कामाला हात लावायच्या आधी लागणाऱ्या सगळ्या बारीक वस्तू मोजून ताटलीत काढायच्या. ताटली रिकामी झाल्याशिवाय बॉनेट खाली पाडायचं नाही. दुकानात पोरं हसायची, "रमाकांत जेवायला बसला" म्हणायची. पण एकतीस वर्षांत रमाकांतांनी बसवलेली एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नाही.

शनिवारी दुर्गाबाईंनीच ती ताटली भरून हितेंद्रच्या पुढ्यात ठेवली होती. खाली चाळीच्या आवारात त्याने गाडी लावली होती. सेकंडहँड घेतलेली, पण त्याला जिवापाड आवडलेली. सीटवर फोन टेकवून त्यावर व्हिडिओ लावला होता आणि कानात फोनची बोंडं घातली होती.

"हितेंद्रराव, हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. आणि भोकात आधी हे रबर घाला, मग वायर."

"हो आई, माहितीय. व्हिडिओत सगळं आहे. तुम्ही वर बसा, ऊन लागेल."

जावई माणूस. दुर्गाबाई वर जाऊन बसल्या होत्या. काम संपलं नाही म्हणून संध्याकाळी तो डब्यासकट वरळीला गेला होता.

आता ती रबरी रिंग त्यांच्या तळहातावर होती. गाडीच्या बॅटरीपासून एक जाड लाल वायर इंजिनच्या मागचा पत्रा भोकातून ओलांडते आणि गालिच्याखालून मागच्या डिकीत, मोठ्या स्पीकरपर्यंत जाते. भोकाची कड ब्लेडसारखी असते. रबर नसेल तर गाडीच्या प्रत्येक धक्क्याला वायर त्या कडेवर घासते. एकदा का वरचं आवरण कापून तांबं पत्र्याला टेकलं, की बॅटरीची सगळी ताकद त्या वायरीतून धावते. फ्यूज असेल तर तो जळून तिथेच थांबवतो. फ्यूज नसेल तर वायर जळते. आणि वायर गालिच्याखालून गेलेली असते, सीटखालून. मागच्या सीटवर रुचा बसली होती.

आणि रस्ता कोकणचा होता. धक्क्यांना तोटा नव्हता.

दुर्गाबाईंना माझगावच्या गॅरेजमधली ती टॅक्सी आठवली. लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. त्या तेव्हा घरी बसून वायरी तयार करायच्या. रमाकांत दुकानातून वायरीची भेंडोळी आणायचे आणि दुर्गाबाई स्टोव्हवर डाळ शिजत असताना मापाने कापून, सोलून, थिंबलं दाबून ठेवायच्या. दुकानात गिऱ्हाईकं म्हणायची, रमाकांतच्या जोडाला तोड नाही. जोड दुर्गाबाईंचे असायचे. हे दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि दुर्गाबाईंना त्याचं काही वाटायचंही नाही. एकदा घाईत दोन-चार जोड ढिले राहिले. रमाकांत रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईंना माझगावला घेऊन गेले आणि ती टॅक्सी दाखवली. सीटच्या नुसत्या स्प्रिंगा राहिल्या होत्या. टपाचा रंग जाऊन पत्रा निळा पडला होता. "कोणीतरी फ्यूज न लावता टेप बसवला होता," ते म्हणाले.

"आणि आतला माणूस?" दुर्गाबाईंनी विचारलं होतं.

"वाचला," रमाकांत म्हणाले. पण सांगताना त्यांनी दुर्गाबाईंकडे बघितलं नाही.

दुर्गाबाईंनी फोन उचलून प्राचीला लावला. एका रिंगमध्ये उचलला गेला.

"हॅलो आई, बोल!" प्राचीचा आवाज घुमून आला, मागे गाण्याचा ठोका.

"प्राची, जरा बाजूला हो. तुझ्याशीच बोलायचंय."

"गाडीत कुठे बाजूला होऊ?"

हितेंद्र हसला. त्याचाही आवाज तितकाच जवळून आला. "आई, फोन गाडीला जोडलाय. तुमचा आवाज चारही स्पीकरमधून येतोय. कसला क्लिअर, बघा!"

"आजी, तू डिकीतून बोलतेस!" रुचा ओरडली.

आणि मग विहीणबाई. "काय ओ विहीणबाई, तासभर पण जावक नाय आणि लेकीची आठवण इली? आमी काय तिका पळवून नेतंव?"

सगळे हसले. दुर्गाबाईंच्या जिभेवर आलेलं वाक्य तिथेच थांबलं. जावयाने हौसेने, स्वतःच्या हाताने केलेलं काम. त्याच्या आईच्या देखत, त्याच्याच स्पीकरमधून सांगायचं, की ते चुकलंय?

"नाय, ते... चिवड्याचा डबा घेतलात ना?"

"घेतला गं."

"बरं. हळू चालवा."

फोन ठेवला आणि दुर्गाबाईंना स्वतःची लाज वाटली. नाव दुर्गा. आईवडिलांनी काय बघून ठेवलं होतं कोण जाणे. हातात वस्तू असून, डोळ्यांना दिसत असून त्यांनी चिवड्याची चौकशी केली होती.

पण त्यांच्या गप्प बसण्याला कारण होतं. गेल्या दिवाळीत हितेंद्र आकाशकंदिलाची वायर जोडत होता. "तशी नको, उघडी राहील," असं म्हणून दुर्गाबाईंनी सहज त्याच्या हातातून ती घेतली आणि दोन मिनिटांत जोडून दिली. शेजारची चार माणसं गॅलरीत होती. कोणीतरी म्हणालं, "जावयापेक्षा सासू भारी." हितेंद्र हसला, फराळ करून गेला आणि पुढे तीन महिने लालबागची पायरी चढला नाही. प्राची एकटीच यायची, रुचाला घेऊन. एकदा रडून म्हणाली, "आई, माझी शपथ आहे तुला. त्याला काही शिकवू नकोस. घरी मला ऐकावं लागतं." दुर्गाबाईंनी तेव्हा मान डोलावली होती. हा डबा मागायला तो आपणहून आला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

खाली मसाल्याचं कांडप सुरू झालं. मे महिना, लालबागला उसंत नाही. मिरचीचा खकाणा वर यायला लागला तसं शेजारच्या शांताबाईंनी आपलं दार लोटलं आणि दुर्गाबाईंच्या खोलीकडे बघितलं. हत्यारं पसरलेली, मधे दुर्गाबाई.

"काय गो, तोंड कित्याक असा केलंस?"

दुर्गाबाईंनी रिंग आणि डबी दाखवली. काय झालंय ते सांगितलं.

"अगो, त्याने दुसरो आणलो असतलो बाजारातसून," शांताबाई म्हणाल्या. "आता पोरां मोबाईलवर बघून सगळा करतत. तू उगाच जिवाक घोर लावून घेतंस."

खरंच, असेल. आणलं असेल. दुर्गाबाईंनी तेवढ्या एका शक्यतेला पाच मिनिटं घट्ट धरून ठेवलं. पण मग डोळ्यांपुढे कानस आली. दुसरं रबर आणलं असतं तरी भोकाची कड घासायला कानस लागलीच असती. दुसरी कानस कोणी विकत आणत नाही.

त्यांनी ताटलीचा फोटो काढून प्राचीला पाठवला. एकच टिक आली. त्या टिककडे बघत बसल्या. दुसरी येईना. फोन लावला, तर बाई आधी मराठीत आणि मग हिंदीत सांगू लागली, की संपर्क होऊ शकत नाही. हितेंद्रचा लावला, तर तीच बाई. पुन्हा लावला. घड्याळात साडेसात, मग पावणेआठ. पनवेल गेलं असेल. पेण येत असेल.

लालबागच्या पुलावरून आगीच्या बंबाची घंटा ऐकू आली. इथला बंब पेणला जात नाही, हे दुर्गाबाईंना कळत होतं. तरी त्या उठल्या आणि गॅलरीत गेल्या. कठडा धरून उभ्या राहिल्या. बंब परळच्या दिशेने गेला आणि घंटा बंद झाली, तरी त्यांच्या कानात ती वाजतच राहिली. मागच्या सीटला लहान मुलांचं लॉक असतं. आतून दार उघडत नाही. हे हितेंद्रनेच कौतुकाने दाखवलं होतं, "रुचासाठी सेफ्टी."

त्या आत आल्या आणि रमाकांतांच्या फोटोकडे न बघता डब्यापाशी बसल्या. हात रिकामे राहू देण्याची भीती वाटत होती, म्हणून राहिलेले पाने पुसायला घेतले. आठ नंबर. दहा नंबर. दहा नंबरचा पाना त्यांनी दोनदा पुसला.

सांगितलं आणि काहीच नसलं, तर? विहीणबाई गावभर सांगतील. हितेंद्र पुन्हा पायरी चढणार नाही, आणि ह्या खेपेला कदाचित प्राचीही नाही. रुचा कधीतरी फोनवर दिसेल, तेवढीच.

आणि नाही सांगितलं, तर?

"चिडला तर चिडू दे," दुर्गाबाई मोठ्याने म्हणाल्या. खोलीत कोणी नव्हतं. "जिवंत राहून चिडू दे."

आठ वाजून वीस मिनिटांनी फोन लागला.

"आई, काय झालं परत?" प्राची. मागे गाणं चालूच.

"हितेंद्र," दुर्गाबाई म्हणाल्या. लग्नाला आठ वर्षं झाली, राव न लावता त्यांनी जावयाला हाक मारली नव्हती. "गाणं बंद कर आणि गाडी बाजूला घे."

"आँ?"

"गाडी बाजूला घे. आत्ता."

गाणं थांबलं. टायरखाली खडी वाजली.

"काय झाला? कोण गेला काय?" सुंदराबाईंचा आवाज बदलला होता.

"कोण नाय गेलं, विहीणबाई. हितेंद्र, इंजिन चालूच ठेव, नाहीतर माझा आवाज जाईल. तू आधी उतर आणि मागचं दार बाहेरून उघड. प्राची, रुचाला घेऊन लांब उभी राहा. विहीणबाई, तुम्ही पण."

"आई, काय चाललंय हे?" हितेंद्रचा आवाज चढला. "मी काय लहान आहे? सगळं नीट बसवलंय मी."

"तू फ्यूज लावला नाहीस. रबर घातलं नाहीस. दोन्ही माझ्या हातात आहेत. भोकाची कड घासली नाहीस, कानस कोरडी आहे. जोड दाबले नाहीस, पक्कडीचा रबरबँड सुटला नाही. मीटर लावलं नाहीस. मला इथे सगळं दिसतंय."

त्यांचाच आवाज गाडीतून घुमून, क्षणभराने त्यांच्या कानात परत आला. एवढा मोठा आपला आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

मग दार उघडल्याचा आवाज. दुसरं दार. रुचाचं "पप्पा, काय झालं?"

"आता इंजिन बंद कर आणि फोन कानाला लाव," दुर्गाबाई म्हणाल्या. घुमणं थांबलं. "बॉनेट उघड. बॅटरीची काळी वायर आधी काढ. मायनस. ती सुटेपर्यंत लालला हात लावू नको. दहा नंबरचा पाना घे."

"पाना..." हितेंद्र थांबला. "पाने तुमच्या डब्यात आहेत, आई."

दुर्गाबाईंनी मांडीवर बघितलं. दहा नंबर तिथेच होता, तेल लावून चकचकीत केलेला.

"टायरवाला बघ. ट्रकवाल्याला हात कर. कोणाकडेही असेल. आणि हितेंद्र, वास येतोय का तुला कसला? हितेंद्र?"

फोन कट झाला होता.

त्यानंतरची चाळीस मिनिटं दुर्गाबाईंनी कशी काढली, ते त्यांना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. शांताबाईंनी आणलेला चहा सायीसकट निवला. कांडपाचा ठोका चालू होता. फोन त्यांनी तीन वेळा लावला आणि चौथ्यांदा लावला नाही, कारण तिथे कोणी हातात पाना घेऊन वाकलेलं असेल आणि रिंगने दचकेल, असं त्यांना वाटलं. दचकलेल्या हाताने पाना पत्र्याला टेकतो. रमाकांत वाकलेले असताना त्या खोकत सुद्धा नसत. नुसत्या टॉर्च धरून उभ्या राहायच्या. रविवारी आवारात गाडी यायची, रमाकांत डॅशबोर्डखाली उताणे शिरायचे आणि दुर्गाबाई टॉर्च धरायच्या. भर दुपारीही तिथे अंधारच असतो. "थोडी डावीकडे, दुर्गा," ते म्हणायचे. सत्तावीस वर्षं त्या थोड्या डावीकडे, थोड्या उजवीकडे होत राहिल्या.

नऊ वाजता फोन वाजला. प्राची हळू आवाजात बोलत होती.

"काही नव्हतं आई."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, सगळं ठीक आहे. तुझ्या समाधानासाठी ती लाल वायर काढून ठेवलीय. आता गाणी बंद." मग ती म्हणाली, "सासूबाई फार बोलल्या. रस्त्यात, टायरवाल्यासमोर. आई, तुला मी शपथ घातली होती ना?"

"घातली होतीस," दुर्गाबाई म्हणाल्या. "वायर काढली ना पण? बॅटरीपासून?"

"हो गं बाई, काढली."

"मग झालं."

त्या उठल्या, ताटली डब्यात ठेवली आणि डबा पलंगाखाली सरकवला. मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडल्या. भीती गेली म्हणून, आणि काही नव्हतं म्हणूनही.

नऊ दिवस गावाहून फोन आला नाही. प्राचीने रुचाचे आंब्याच्या झाडावरचे दोन फोटो पाठवले, तेवढेच. दुर्गाबाई रोज मनाशी घोकत होत्या, काही नव्हतं तर बरंच झालं. आपल्याला भित्री म्हणोत.

दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी चारच्या सुमाराला गाडी आवारात आली. आधी विहीणबाईंना वरळीला सोडून तिघे इकडे आले होते. हितेंद्रने आंब्याची पेटी वर आणून ठेवली, नमस्कार केला, आणि पलंगाच्या कडेला बसून फोन बघत राहिला. प्राची आईशी तुटक बोलत होती. रुचा मात्र गळ्यात पडली.

"आजी, गाडी मुकी झालीय," ती म्हणाली. "येताना पण गाणी नव्हती."

दुर्गाबाईंनी सगळ्यांना आमरस वाढायला प्राचीला सांगितलं. मग पलंगाखालून डबा ओढला, हितेंद्रने खुंटीला अडकवलेली गाडीची किल्ली घेतली आणि कोणी काही विचारायच्या आत जिना उतरल्या. कशासाठी जातोय, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. काम अर्धवट होतं आणि ताटलीत दोन नग उरले होते.

त्यांनी बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं. लाल वायरीचं मोकळं टोक बॅटरीपासून लांब, नायलॉनच्या दोरीने बांधून ठेवलेलं होतं. दुर्गाबाईंनी वायरीच्या मागे मागे बोट नेलं, भोकापर्यंत. तिथे वायरीला काळ्या टेपचा जाड वेढा होता. नवा. गावच्या दुकानातला असावा.

त्यांनी टेपचं टोक नखाने सुटं केलं आणि वेढे उलगडले. आत लाल आवरण राहिलंच नव्हतं. चार बोटं तांबं उघडं होतं, अर्ध्या तारा तुटलेल्या, उरलेल्या निळ्या-काळ्या पडलेल्या. भोकाच्या कडेला पत्रा करपला होता. पलीकडे गालिच्याचा कोपरा वितळून घट्ट झाला होता. त्यांनी नाक जवळ नेलं. दहा दिवसांनीही वास होता.

दुर्गाबाईंनी बॉनेटची कड दोन्ही हातांनी धरली. होऊन गेलेल्या गोष्टीची एवढी भीती वाटू शकते, हे त्यांना माहीत नव्हतं. वर गॅलरीतून रुचाचा आमरस मागतानाचा आवाज येत होता. तो थांबू नये असं त्यांना वाटत राहिलं.

मग त्यांनी पदर खोचला. फडकं पसरलं, त्यावर हत्यारं ओळीने मांडली, ताटली मडगार्डवर ठेवली. काळी वायर सोडवली. जळका तुकडा कापून टाकला. गोल कानस भोकात घालून कड घासली, बोटाला टोचेनाशी होईपर्यंत. रबरी रिंग भोकात बसवायची होती, पण मागची बाजू दिसेना. डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते. एका हाताने रिंग दाबून दुसऱ्या हाताने त्या चाचपत होत्या, आणि रिंग निसटत होती.

अचानक भोकावर उजेड पडला.

हितेंद्र बाजूला उभा होता. हातात फोन, फोनची बत्ती लावलेली. तो कधी उतरला, ते त्यांना कळलं नव्हतं. त्याची नजर उलगडलेल्या टेपवर होती.

रिंग जागेवर बसली. दुर्गाबाईंनी वायर ओढून घेतली, सोलली, थिंबल चढवलं आणि पक्कडीने दाबलं. कट्ट आवाज झाला.

"वास येत होता," हितेंद्र म्हणाला. "तुमचा फोन यायच्या आधीपासून. पेणपासून. मला वाटलं, क्लचचा असेल. आईला काही बोललो नाही. प्राचीला पण नाही. रुचा म्हणत होती, पप्पा, पायाला गरम लागतंय. मी तिला म्हटलं, चप्पल घाल."

बत्तीचा उजेड हलायला लागला.

दुर्गाबाईंनी फ्यूजच्या डबीचं प्लास्टिक दातांनी फाडलं आणि बॅटरीपासून वीत घालून अंतर मोजलं.

"थोडी डावीकडे धर," त्या म्हणाल्या.

हितेंद्रने दुसऱ्या हाताने आपलं मनगट पकडलं आणि बत्ती थोडी डावीकडे धरली. मडगार्डवरची ताटली रिकामी होती.